गिऱ्हाईक आत आहे

१

आजीच्या घरातून निघताना ‘जाते’ म्हणायची सोय नव्हती. तसं कुणीच म्हणत नाही म्हणा. कोपऱ्यावर पाव आणायला निघालेला माणूसही ‘येतो’ म्हणूनच चप्पल पायात सरकवतो. पण चुकून तोंडातून गेलंच तर लोक हसण्यावारी नेतात, आजी नेत नसे. शेजारचा घड्याळवाला एकदा उसनी कात्री परत करायला आला आणि ‘बरंय, जातो’ म्हणाला, तर तिने त्याला उंबऱ्यावरून माघारी बोलावलं, पाणी दिलं आणि ‘येतो’ म्हणवून घेऊन मगच सोडलं. तेव्हापासून तो कात्री दारातूनच द्यायचा.

आजी शिवणकाम करायची. घर अगदी साधं, रस्त्याला लागून. पुढच्या खोलीत दुकान, खिडकीशी मशीन, समोर लोखंडी शटर. त्यामागे एक अरुंद खोली होती, गिऱ्हाइकांनी कपडे घालून बघायची. तिला दार नव्हतं, जाड तपकिरी पडदा होता, लोखंडी कड्यांवर सरकणारा. आत एक आरसा आणि एक खुंटी. मग स्वयंपाकघर, आणि मागे दोन पायऱ्या उतरलं की परसात झाड. बस, एवढाच पसारा.

मुंगी म्हणजे तिची नात, लेकीची लेक. खरं नाव वेगळं होतं, पण साखरेच्या डब्याशी रंगेहाथ पकडली गेल्यापासून त्या घरात तिला दुसरं नाव उरलं नाही. शाळेला सुट्टी लागली की आई तिला आणून सोडायची आणि शाळा उघडायच्या तोंडावर मामा परत पोचवायचा. निघायच्या दिवशी मुंगी घरभर फिरून निरोप घ्यायची. ओट्याला ‘येते हं’, पायऱ्यांना ‘येते हं’, मशीनला ‘येते हं’. आजीला त्याचं कोण कौतुक, आणि मामाला बस चुकायची धास्ती.

घालून बघायच्या खोलीला मात्र निरोप द्यायचा नाही, असं आजीनेच बजावून ठेवलं होतं. “तिथे कशाला? ती काय घरातली आहे?” एवढंच कारण. आता पोरांना एखादी गोष्ट नको म्हटलं की त्यांचा पाय तिकडेच वळतो. एका वर्षी मामा बाहेरून हाका मारत असताना मुंगीने पडद्याशी तोंड नेलं आणि हळूच म्हटलं, “येते हं.”

“ये,” आतून आजीचा आवाज आला.

मुंगी हसत बाहेर पळाली. बाहेर आजी तिची पिशवी हातात घेऊन रस्त्यावर उभी होती, मामाला काहीतरी सांगत होती, आणि तिच्याकडे बघून म्हणाली, “किती वेळ गं?”

बसमध्ये मुंगीने नीट विचार केला. दुकानाची खिडकी उघडी होती, आजीचा आवाज खणखणीत होता, तो बाहेरून आत आला असणार. मामा शेजारी पेंगत होता. तिला ते पटलं आणि तीही झोपून गेली.

२

दुपारी दुकानात कुणी फिरकत नसे. रस्ता तापलेला, घड्याळवाल्याचं दुकान अर्धं ओढलेलं. मुंगी कटपिसांच्या ढिगावर लोळायची आणि आजीची मशीन चालायची. मशीन थांबली की आजी मान वर न करता विचारायची, “झालं का?”

यात काही वावगं नाही. गिऱ्हाईक आत कपडा घालून बघत असलं की शिवणारी बाई हेच विचारते. गोष्ट एवढीच की त्या वेळी आत कुणी गेलेलं नसायचं. मुंगी तर समोरच असायची, गेलेलं माणूस तिला दिसलं असतं.

“नाही अजून,” आतून उत्तर यायचं.

“बरं. सावकाश होऊ दे,” आजी म्हणायची आणि पायडलवर पाय ठेवायची.

पहिल्यांदा मुंगीने विचारलं, “आत कोण आहे?”

“गिऱ्हाईक आहे. तू नको लक्ष देऊस.”

“मग बाहेर कधी येणार?”

“बसत नाही ना तिला अजून,” आजी सुईत दोरा ओवत म्हणाली. “बसलं की येईल. म्हणून तर माझी एवढी उठाठेव चाललीय.”

मुंगीला वाटलं, आजी आपली फिरकी घेतेय. आजीला फिरकी घ्यायची सवय होतीच. शिवाय आजी एकटी राहायची, आणि एकटी माणसं स्वतःच विचारतात, स्वतःच उत्तर देतात, हे मुंगीने आईच्या तोंडून ऐकलं होतं. उत्तराच्या वेळी आजीचे ओठ हलतात का, हे बघायचं तिने ठरवलं. पण आजीच्या ओठांत नेहमी टाचण्या असायच्या, त्यामुळे काही कळायला मार्ग नव्हता.

सुरुवातीला तो आवाज आजीसारखाच होता. उन्हाळ्यांमागून उन्हाळे गेले तसा तो बारीक होत गेला. मग एका सुट्टीत मामाने टेपरेकॉर्डर आणला. मुंगीला समोर बसवून कविता म्हणायला लावली आणि लगेच तिलाच ऐकवली. मामाला वाटलं, पोरगी हरखून जाईल. मुंगी ऐकता ऐकता टेपरेकॉर्डरपासून मागे सरकली. स्वतःचा आवाज बाहेरून कसा ऐकू येतो हे तिला माहीत नव्हतं, ते आज कळलं. आणि हा आवाज तिच्या ओळखीचा होता. रोज दुपारी ‘नाही अजून’ म्हणणारा तोच.

“आवडला नाही होय?” मामा म्हणाला. “पहिल्यांदा ऐकताना सगळ्यांना आपला आवाज परकाच वाटतो.”

परका वाटला असता तर बरं झालं असतं. मुंगी त्या रात्री आजीच्या कुशीत शिरून झोपली आणि आजीने कारण विचारलं नाही.

३

दर सुट्टीत आजी मुंगीला एक फ्रॉक शिवायची. माप घ्यायची गरजच नसे, नुसती नजर टाकली की पुरे. सगळं गाव म्हणायचं, म्हातारीच्या हातचा कपडा अंगावर पडला की तो आपल्याबरोबरच जन्मला असं वाटतं. मुंगीचा फ्रॉकही तसाच बसायचा.

पण त्याच कापडातून आजी दुसरा एक फ्रॉक शिवायची, आणि तो कुणाचं वाटोळं करायला शिवला असावा इतका बिघडलेला असायचा. एक बाही लांबच लांब, पार गुडघ्यापर्यंत जाईल अशी. गळा इतका अरुंद की मांजरसुद्धा डोकं घालणार नाही. एका वर्षी तर बाही जोडायचा मुंढाच उलटा लावला होता. हा फ्रॉक आजी पडद्याआडच्या खुंटीला अडकवायची. पुढच्या सुट्टीत खुंटी रिकामी असायची.

मुंगीचा जळफळाट व्हायचा. आपल्यासारखंच कापड दुसऱ्या कुणाला का? मग ती गावभर हिंडायची, दळणाच्या रांगेत, शाळेच्या मैदानावर, नळावर, आपल्या कापडाचा फ्रॉक घातलेली पोरगी शोधत. एवढीशी जागा, चारच गल्ल्या, तरी ती पोरगी कधी दिसली नाही.

घड्याळवाल्याच्या नजरेतूनही ही गोष्ट सुटली नव्हती. एकदा तो दारातून कात्री देता देता म्हणाला, “काय आजी, हात चुकायला लागला की काय? ही बाही बघा.”

“चुकलेली नाही, चुकवलेली आहे,” आजी म्हणाली. “कुणाला नीट बसावं म्हणून शिवतात, कुणाला बसू नये म्हणून शिवावं लागतं.”

घड्याळवाला मनापासून हसला. मुंगीही हसली, कारण मोठी माणसं हसली की हसायचं असतं. आजीने मात्र दातांनी दोरा तोडला आणि ती बाहीची घडी घालत राहिली.

४

मुंगी मोठी झाली. सुट्ट्या संपल्या, परीक्षा आल्या, नोकरी आली, लग्न झालं. आजीने दुसरा फ्रॉक शिवणं सोडलं, आणि मधूनअधून मुंगी भेटायला गेली तर पडद्यामागून कुणी बोलायचं नाही. लहानपणी माणूस काय वाट्टेल ते ऐकतं, असं म्हणून तिने तो विषय मनातून काढून टाकला.

हातात शिवणकाम आजीचंच उतरलं होतं. शहरातल्या एका मोठ्या कपड्यांच्या दुकानात ती आल्टरेशनला बसायची. तयार कपडे बसत नाहीत म्हणून लोक आणून टाकायचे आणि मुंगी ते बसते करून द्यायची. वाकडी शिवण दिसली की तिला चैन पडत नसे. एकदा बसमध्ये पुढे उभ्या असलेल्या बाईची कॉलर तिने न विचारता सरळ केली होती आणि बोलणी खाल्ली होती.

गेल्या सुट्टीत तिची मुलगी पणजीकडे जाऊन राहिली. मुलगी एका जागी ठरत नसे म्हणून तिला सगळे भिंगरी म्हणायचे. आजीने तिला निळ्या ठिपक्यांचा फ्रॉक शिवला. भिंगरी घरी आली ती तोच घालून, आणि दिवसभर गिरक्या घेत होती.

“निघताना सगळ्यांना येते म्हटलंस ना?” मुंगीने विचारलं.

“सगळ्यांना. ओट्याला, मशीनला, पायऱ्यांना. पडद्याला पण.”

“पडद्याला? आजीने नको सांगितलं नव्हतं?”

“सांगितलं होतं की. पण आतून कुणीतरी विचारलं, मला नाही का? मग असं कसं करायचं, आई?”

मुंगीने तिला जेवायला बसवलं. पोरगी थापाडी आहे, शाळेतल्या बाईंचीही तीच तक्रार होती. पण त्या दिवशी मुंगीला स्वतःला जेवण गेलं नाही.

नंतर काही दिवसांनी आजीचा फोन आला. आवाज थकलेला होता. “भिंगरीच्या कापडाचा दुसरा शिवायला घेतलाय गं. डोळे साथ देत नाहीत. तेवढा व्हायला हवा.”

“झाला की मामाबरोबर पाठव,” मुंगी म्हणाली.

“पाठवायचा नाहीये तो,” आजी म्हणाली, आणि पुढे काही सांगायच्या आत तिला खोकल्याची उबळ आली. थंडीत ती गेली. झोपेतच गेली, त्रास झाला नाही, असं मामाने सांगितलं, आणि मुंगी फोन हातात घेऊन रडली.

५

घर विकलं गेलं. घेणारा ते पाडणार होता. मामाने सामान हलवायला टेम्पो ठरवला आणि मुंगीला निरोप धाडला की तुला मशीन हवी असेल तर येऊन घेऊन जा. भिंगरीला सुट्टी होती, घरी ठेवायला कुणी नव्हतं, म्हणून मुंगीने तिला बरोबर घेतलं. पोरीला डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही आणि उजेड असेपर्यंत निघायचं, हे तिने वाटेतच ठरवून टाकलं. कशासाठी, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं. पण तिचा जीव एका जागी नव्हता हे खरं.

घर तसंच होतं. मापाच्या टेपांचा गुंता, कटपिसांचा ढीग, पडदा ओढलेला. मुंगीने आधी पडदा बाजूला करून आत डोकावून घेतलं. आरसा, खुंटी, फरशीवर धूळ. “बघ, आहे काय त्यात,” ती स्वतःला म्हणाली.

मशीनवर सुईखाली तो फ्रॉक होता. निळे ठिपके. एक बाही लावलेली, गुडघ्यापर्यंत लोंबणारी. दुसरी नुसती टाचलेली, पुढचं मागे करून. गळा बोटभर. आजी गेली तेव्हा तिचं हेच काम अर्धं राहिलं होतं.

मुंगीचे डोळे भरून आले. जिच्या हातचा कपडा कधी परत आला नाही, तिची शेवटची वस्तू ही अशी? डोळे गेले होते बिचारीचे आणि आपण फोनवर ‘पाठवून दे’ म्हणून मोकळ्या झालो. मामा मागच्या खोलीत भांडी पोत्यात भरत होता, भिंगरी त्याच्या पायात पायात करत होती. वेळ होता. मुंगी स्टुलावर बसली.

तिला दुसरे फ्रॉक आठवले नाहीत असं नाही. आठवले. पण कुणा गरीब पोरीला आजी देत असेल उरल्या कापडाचं काहीबाही, असं तिने मनाशी म्हटलं, आणि बोटं तोवर कामाला लागलीही होती. तिने लांब बाही उसवली, मापात कापली. दुसरी सुलट करून मुंढ्याला बसवली. गळा मोकळा केला. बाह्यांना मनगटाशी पट्टी लावली, पट्टीला काज केलं, बटण शिवलं. भिंगरीचं माप तिला तोंडपाठ होतं. मशीन गुणगुणत होती आणि त्या सगळ्या दिवसात पहिल्यांदा मुंगीला बरं वाटलं. आजी, झाला बघ तुझा फ्रॉक, असं ती मोठ्यानेच म्हणाली.

६

“भिंगरे, हा घालून बघ गं,” तिने हाक मारली.

भिंगरी धावत आली, फ्रॉक ओढून घेतला आणि पडद्याआड शिरली. कामाच्या समाधानात मुंगीला ‘तिथे नको, इथेच घाल’ असं म्हणायचंही सुचलं नाही. ती दोरे गोळा करायला खाली वाकली, सुया मोजून डबीत टाकल्या, मशीनचं झाकण बसवलं. मामा पोतं ओढत बाहेर गेला. पडद्याच्या कड्या खुळखुळल्या. पडद्याच्या कड्या खुळखुळल्या.

“झालं का?” मुंगीने मान वर न करता विचारलं.

“झालं,” आतून भिंगरी म्हणाली.

“बसतोय नीट?”

“अगदी बरोबर.” मग थोडं थांबून, “बटण लाव ना. एका हाताने होत नाही.”

पडद्याच्या कडेतून हात बाहेर आला. निळ्या ठिपक्यांची बाही, मनगटाशी उघडी पट्टी. मुंगी हसली. एवढी मोठी झाली तरी बटणाला आई लागते. तिने जवळ जाऊन तो हात हातात घेतला, पट्टी जुळवली, बटण काजातून ओढलं. बाही मनगटाच्या हाडावर नेमकी येऊन थांबली होती, एक दोरा इकडे नाही की तिकडे नाही. काम झालं होतं खरं. हात गार लागला म्हणून तिने तो दोन्ही तळव्यांत धरून जरा चोळला. पोरगी सकाळपासून नुसती पाण्यात खेळतेय, तिला वाटलं.

“आई, चल ना, टेम्पोवाले काका ओरडतायत.”

हे रस्त्यावरून आलं.

मुंगीने खिडकीतून बघितलं. भिंगरी टेम्पोच्या पायरीवर उभी होती, घरून घालून आलेल्या कपड्यांतच, आणि मामा तिला उतर म्हणून दटावत होता. मुंगीच्या हातातला हात स्वस्थ होता. मग त्याने तिचं बोट हलकेच दाबलं, भिंगरी रस्ता ओलांडताना दाबते तसं.

“तू फ्रॉक घातला नाहीस?” मुंगीने खिडकीतून विचारलं. आवाज तिचा तिलाच ओळखू आला नाही.

“आत ती होती ना,” भिंगरी म्हणाली. “म्हणाली, दे इकडे, माझा आहे. मग मी मागच्या दाराने आले.”

चुकलेली नाही, चुकवलेली आहे. आजीचं बोलणं मुंगीला आठवलं, दोरा तोडल्याच्या आवाजासकट. इतकी वर्षं म्हातारी एकटी बसून, गावभर नाव असलेल्या हातांनी, एकामागून एक वाईट फ्रॉक शिवत राहिली होती, आणि आपण एका दुपारात तिचं सगळं काम दुरुस्त करून ठेवलं.

तिने आपली बोटं एकेक करून सोडवून घेतली. हात हळूच आत गेला. पडद्याखाली, फरशीच्या धुळीत, पायाची बोटं दिसली, बाहेर निघायच्या तयारीत टाचा उचललेली. मुंगीने त्याहून वर बघितलं नाही.

७

मशीन तिथेच राहिली. मामाने विचारलं, तिने नको म्हणून मान हलवली. शटर खाली ओढताना तिच्या हातातून दोनदा निसटलं, शेवटी मामानेच ते ओढलं आणि कुलूप घातलं. “एवढं मनाला लावून घेऊ नकोस,” तो म्हणाला. “घर काय, विटाच शेवटी.” आणि तो टेम्पोवाल्याशी हुज्जत घालायला पुढे गेला.

मुंगीने भिंगरीचा हात घट्ट धरला. हा हात ऊन होता, चिकट होता, गोळीच्या पाकाचा होता. तिने तो दोनदा उलटसुलट करून बघितला. मग ती शटरपाशी गेली आणि जे त्या घरात आजीने कधी कुणाला बोलू दिलं नव्हतं ते बोलली.

“जाते,” ती म्हणाली. “आम्ही जातो. आम्ही परत येणार नाही.”

आत काही हललं नाही. रस्त्यावरून एक सायकल गेली. मुंगी वळली.

तेवढ्यात कड्या सरकल्या. अनवाणी पावलं दुकानाच्या फरशीवरून धावत आली आणि शटरला चिकटून थांबली. पत्र्यापलीकडे, भिंगरीच्या डोक्याइतक्या उंचीवरून, तिच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं, “येते हं.”

भिंगरीच्या तोंडात गोळी होती. तिने ती गालात सरकवली, आणि निरोप घेणाऱ्याला उत्तर द्यावं अशी पणजीची शिकवण होती म्हणून, आईने तोंडावर हात ठेवायच्या आत, शहाण्या मुलीसारखी म्हणाली, “ये.”